कोडची गुंतागुंत मोजायची कशी, आणि मोजून काय साधते? : एक आढावा

वारणा खोऱ्यात संगणक गावोगाव पोचला तो उसाच्या निमित्ताने. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूहाने मिळून, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मदतीने, 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेतला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली वारणानगरच्या आसपासची ७० गावे त्यात होती. पुढे गावोगावच्या संगणक केंद्रांवर प्रत्यक्षात जे काम चालले ते बहुतांशी कारखान्याच्या हिशेबाचे होते: तोडणीची पाळी, वजनाच्या पावत्या, खताची उचल. याच परिसरात १९८३ पासून तात्यासाहेब कोरे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे आहे. म्हणजे हिशेबाच्या प्रोग्रॅमवर अवलंबून असलेले शेतकरी आणि प्रोग्रॅम लिहायला शिकणारी त्यांचीच मुले, दोघेही एकाच गावाच्या वेशीत सापडतात. या लेखाचा प्रश्न या दोघांशीही निगडित आहे. प्रोग्रॅम एकदा लिहिला जातो आणि पुढची दहा-वीस वर्षे कोणी ना कोणी तो वाचत, दुरुस्त करत राहतो. तो वाचायला किती अवघड आहे हे आकड्यात सांगता येते का? आणि तो आकडा खाली आणला की वाचणाऱ्याचे काम खरोखरच सोपे होते का? या दोन प्रश्नांवर गेली पन्नासेक वर्षे वाद चालू आहे. त्यात आज आपण कुठे उभे आहोत, याचा हा आढावा.

वादाची पार्श्वभूमी

१९६८ हे वर्ष या विषयात दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी जर्मनीत गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने एक परिषद भरली. मोठे प्रोग्रॅम वेळेत पुरे होत नाहीत आणि पुरे झाले तरी कोणाच्या आवाक्यात राहत नाहीत, ही तक्रार तिथे पहिल्यांदा उघडपणे मांडली गेली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये एड्स्गर डाइक्स्ट्रा यांचे 'गो टू' या आज्ञेविरुद्धचे प्रसिद्ध पत्र छापून आले. त्यांचा मुद्दा वाचकाच्या बाजूचा होता. कागदावर दिसणारा प्रोग्रॅम आणि यंत्रात प्रत्यक्ष घडणारा क्रम यांत जितके अंतर पडते, तितकी माणसाची समज तोकडी पडते. 'गो टू' हे अंतर बेसुमार वाढवते. १९७४ साली डोनाल्ड नुथ यांनी त्यावर सविस्तर लेख लिहिला आणि काही ठिकाणी 'गो टू'च अधिक स्वच्छ ठरतो, हे उदाहरणांसह दाखवले. पुढच्या साऱ्या वादाची ठेवण या दोन लेखांत दिसते. एका बाजूला नियम आणि दुसऱ्या बाजूला 'पण इथे काय?' असे विचारणारा कारागीर.

मोजमाप आले ते यानंतर. थॉमस मॅककेब यांनी डिसेंबर १९७६ मध्ये 'सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी' मांडली. पुढच्याच वर्षी मॉरिस हॉलस्टेड यांचे पुस्तक आले. प्रोग्रॅममध्ये किती वेगवेगळी चिन्हे आणि नावे आहेत आणि ती एकूण किती वेळा आली आहेत, यावरून वाचण्याचे श्रम काढता येतील, असा त्यांचा दावा होता. १९९२ च्या सुमारास ओमान आणि हेगमायस्टर यांनी हे दोन्ही आकडे आणि ओळींची संख्या एकाच सूत्रात गुंफून 'मेंटेनेबिलिटी इंडेक्स' तयार केला. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओत तोच आज शून्य ते शंभराच्या पट्टीवर हिरवा, पिवळा आणि लाल होऊन दिसतो. ऑब्जेक्टच्या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रॅमसाठी श्याम चिदंबर आणि ख्रिस केमेरर यांनी १९९४ मध्ये सहा मापे दिली. पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या टाटा संशोधन विकास आणि अभिकल्प केंद्रातही प्रोग्रॅम न चालवता, नुसता तपासून त्यातले दोष काढण्याच्या साधनांवर दीर्घकाळ काम झाले. आज आपल्याकडच्या अनेक सॉफ्टवेअर कंपन्यांत असा एखादा तपासनीस कोड जमा करण्याच्या वाटेवर बसवलेला असतो.

एका नियमावर मोजून पाहू

मॅककेब यांचे माप समजायला सोपे आहे. फंक्शनमध्ये जिथे वाट फुटते, म्हणजे प्रत्येक 'जर', प्रत्येक लूप, त्या जागा मोजायच्या आणि एक मिळवायचा. वाट कुठेच फुटत नसेल तर आकडा १. हा आकडा दहाच्या वर जाऊ देऊ नये, असे त्यांनी सुचवले. आकड्याचा मूळ अर्थ चाचणीशी जोडलेला आहे: फंक्शनच्या एकमेकांपासून स्वतंत्र वाटा किती, म्हणजे निदान किती चाचण्या लागतील. वाचनीयतेशी त्याचे नाते नंतर जुळवले गेले, हे लक्षात ठेवलेले बरे.

आता उसाच्या दराचा नियम घेऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, अशी: साखरेचा उतारा १०.२५ टक्के असेल तर क्विंटलला ३५५ रुपये. उतारा त्याहून प्रत्येक ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे जास्त. प्रत्येक ०.१ टक्क्याने घटला की तेवढेच कमी. मात्र उतारा ९.५ टक्के किंवा त्याहून कमी असेल तर आणखी कपात नाही. दर ३२९ रुपये ५ पैसे.

नवखा प्रोग्रॅमर हा नियम वाचील तसाच लिहील. उतारा १०.२५ किंवा त्याहून वर असेल तर वाढीव दर, नाहीतर ९.५ च्या वर असेल तर कपातीचा दर, नाहीतर ३२९.०५. वाट दोन ठिकाणी फुटली, आकडा ३. थोडा मुरलेला प्रोग्रॅमर म्हणेल की वाढ आणि कपात एकाच दराने होते, मग दोन शाखा कशाला? उतारा ९.५ पेक्षा कमी असेल तर ९.५ धरा आणि मग ३५५ मध्ये उतारा वजा १०.२५ गुणिले ३४.६० मिळवा. हिशेब जुळतो: ९.५ ला पाऊण टक्क्याचे २५ रुपये ९५ पैसे वजा होऊन बरोबर ३२९.०५ येतात. आपल्याकडचा चांगला उतारा, समजा १२.५, घातला तर क्विंटलला ४३२.८५, म्हणजे टनाला ४,३२८ रुपये ५० पैसे येतात. तोडणी-वाहतूक त्यातून जाते. दोन आकड्यांतला मोठा निवडणारे तयार फंक्शन वापरले तर या मांडणीत 'जर' उरतच नाही. आकडा ३ वरून १ वर आला.

ही सुधारणा खरीच आहे. चाचणी सोपी झाली आणि दोन शाखांत वेगवेगळी चूक होण्याची शक्यता गेली. पण वाचनीयता वाढली का, हे वाचणारा कोण यावर ठरते. कारखान्याचा हिशेबनीस किंवा लेखापरीक्षक हातात अधिसूचना घेऊन प्रोग्रॅम पडताळायला बसला तर त्याला ३२९.०५ हा आकडा कुठेच सापडणार नाही. अधिसूचनेतली तीन कलमे पहिल्या मांडणीत जशीच्या तशी दिसतात, दुसरीत ती गणितात विरघळली आहेत. उद्या सरकारने वाढीचा दर एक आणि कपातीचा दुसरा ठेवला तर विरघळवलेले पुन्हा वेगळे करावे लागेल. दुसरी मांडणी घ्यायची तर शेजारी एक टिपण हवे आणि ३२९.०५ ची एक चाचणीही हवी, असे माझे मत. पण मॅककेबच्या आकड्याला टिपण दिसत नाही.

त्याला न दिसणाऱ्या आणखीही गोष्टी आहेत. एकापाठोपाठ एक लिहिलेले तीन 'जर' आणि एकाच्या पोटात एक असे तीन 'जर', दोन्हींचा आकडा ४ च. वाचताना मात्र दुसऱ्या प्रकारात मागच्या दोन अटी डोक्यात धरून तिसरी वाचावी लागते. उलट, लागणीच्या महिन्यावरून तोडणीची पाळी ठरवणारी बारा कलमांची सरळ यादी आकड्याला भयंकर वाटते, माणसाला नाही. ही अडचण मॅककेब यांना ठाऊक होती. अशा सरळ निवडीच्या याद्यांना दहाची मर्यादा लावणे गैरवाजवी ठरते, हे त्यांनी मूळ लेखातच नोंदवले होते. नियम लावणाऱ्यांनी ते पुढे फारसे वाचले नाही.

मोजमापाच्या बाजूने

मोजमापाचे समर्थक भाबडे नाहीत. त्यांचे म्हणणे असे की परिपूर्ण माप मिळेपर्यंत थांबायचे तर तोवर बिघडलेला कोड वाढतच राहील. धोक्याचा इशारा देण्यासाठी अंदाजे मापही पुरते. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण टोयोटाच्या मोटारींचे. गाड्या अचानक वेग घेतात या तक्रारींवरून ओक्लाहोमात २०१३ साली जो खटला चालला, त्यात तज्ज्ञ साक्षीदार मायकेल बार यांनी सांगितले की इंजिन-नियंत्रणाच्या प्रोग्रॅममधल्या ६७ फंक्शनांचा आकडा पन्नासच्या वर होता आणि थ्रॉटलचा कोन ठरवणाऱ्या फंक्शनचा शंभराच्याही वर. त्याआधी २०११ मध्ये अमेरिकी सरकारसाठी नासाने केलेल्या तपासणीत इलेक्ट्रॉनिक दोषामुळेच गाड्या वेग घेतात असा पुरावा मिळाला नव्हता, हेही सांगायला हवे. पण शंभर वाटांच्या फंक्शनची पूर्ण चाचणी करणे कोणालाही अवघड जाईल, हा मुद्दा दोन्ही बाजूंना नाकारता आला नसता. नासाच्या जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेतले जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये दिलेल्या दहा नियमांतला एक नियम याच जातीचा आहे: फंक्शन छापले तर एका पानात मावले पाहिजे, म्हणजे साधारण साठ ओळी.

आक्षेप घेणारे

पहिला आक्षेप संख्याशास्त्राचा. फंक्शन लांब असेल तर त्यात 'जर'ही जास्त असणार. मग हा आकडा ओळींपेक्षा वेगळे असे काय सांगतो? मार्टिन शेपर्ड यांनी १९८८ मध्ये हा प्रश्न टोकदारपणे विचारला. २००१ मध्ये खालेद एल एमाम आणि सहकाऱ्यांनी चिदंबर-केमेरर मापांबाबतही तसेच दाखवले: क्लासचा आकार लक्षात घेतला की अनेक मापांचे दोषांशी असलेले नाते विरते. दुसऱ्या बाजूने, २०१४ मध्ये डेव्ही लँडमन आणि सहकाऱ्यांनी जावाच्या प्रचंड मोठ्या साठ्यावर पाहिले तेव्हा एकेका फंक्शनच्या पातळीवर ओळी आणि सायक्लोमॅटिक आकडा यांचे नाते समजले जात होते तेवढे घट्ट निघाले नाही. म्हणून 'ओळीच मोजा, बाकी सारे व्यर्थ' हे म्हणणेही आज निर्विवाद उरलेले नाही.

दुसरा आक्षेप वागणुकीचा, आणि रोज काम करणाऱ्यांना तो जास्त जाणवतो. मर्यादा दहाची आहे असे कळले की अकराचे फंक्शन सहा आणि सहाच्या दोन तुकड्यांत कापले जाते. दुसऱ्या तुकड्याला 'भाग दोन' असे नाव दिले जाते आणि त्याला पहिल्याची निम्मी माहिती पुरवावी लागते. तपासनीस खूश होतो. वाचणाऱ्याला मात्र आता दोन पानांवर बोट ठेवून वाचावे लागते.

माणसाच्या डोक्यापासून सुरुवात

या आक्षेपांतून एक वेगळी फळी उभी राहिली. तिचे म्हणणे, आधी वाचणाऱ्याला काय कठीण जाते ते पाहा. २००८ मध्ये रेमंड ब्यूस आणि वेस्टली वायमर यांनी १२० जणांना जावाचे १०० तुकडे दाखवून त्यांची वाचनीयता ठरवायला सांगितली. एका ओळीत नावांची गर्दी आणि लांबलचक ओळी वाचकाला नकोशा होत्या, तर कोऱ्या ओळी हव्याशा. टिपणांचा परिणाम अपेक्षेपेक्षा कमी दिसला. यावरचा रास्त आक्षेप असा की इथे मोजले गेले ते दिसायला सुबक किती. समजले किती, हे नाही.

सोनारसोर्स कंपनीच्या जी. अॅन कॅम्पबेल यांनी काही वर्षांपूर्वी मांडलेली 'कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी' आज सर्वाधिक वापरात आलेल्या नव्या मापांपैकी आहे. ती वाटा मोजते, पण पोटात पोट जाईल तसे वजन वाढवते. वरचे तीन 'जर' ओळीने असतील तर ३, एकात एक असतील तर १, २ आणि ३ मिळून ६. बारा कलमांच्या यादीला एकच गुण. २०२० मध्ये मुन्योस बारोन, विरिच आणि वाग्नर यांनी आधीच्या अभ्यासांतले ४२७ तुकडे आणि सुमारे २४,००० नोंदी एकत्र करून हे माप तपासले. वाचायला लागणारा वेळ आणि वाचकाचे स्वतःचे मत यांच्याशी ते बऱ्यापैकी जुळले. उत्तर बरोबर आले का, याच्याशी मात्र नाते अस्पष्टच राहिले. त्याआधी, २०१७ मध्ये सिमोने स्कालाब्रिनो आणि सहकाऱ्यांनी १२१ मापे तपासली होती आणि आकलनाशी भक्कम नाते असलेले एकही हाती लागले नव्हते. प्रोग्रॅमरना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून कोड वाचायला लावण्याचे प्रयोगही झाले आहेत. २०२१ मधल्या अशा एका अभ्यासाचा निष्कर्ष हाच की मापे मेंदूवरचा ताण सांगतात, पण मर्यादित प्रमाणात.

माझ्या मते या फळीचे सर्वांत ठोस काम नावांवरचे आहे. फंक्शनमधली सगळी नावे बदलून क, ख, ग केली तरी वाटा मोजणाऱ्या एकाही मापात फरक पडत नाही. वाचणाऱ्याचे मात्र हाल होतात. २०१७ मध्ये योहानेस हॉफमायस्टर आणि सहकाऱ्यांनी ७२ व्यावसायिक प्रोग्रॅमरवर केलेल्या प्रयोगात पूर्ण शब्दांची नावे असताना दोष सापडण्याचा वेग सरासरी १९ टक्क्यांनी जास्त होता. आद्याक्षरे आणि संक्षेप यांत फरक नव्हता. आपल्याकडे याला आणखी एक पदर आहे. खोडवा, आडसाली, लागण, सोसायटी कपात यांना प्रोग्रॅममध्ये काय म्हणायचे? कोणी ओढूनताणून इंग्रजी शब्द घालतो, कोणी रोमन लिपीत मराठी लिहितो आणि प्रत्येकाचे स्पेलिंग वेगळे. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलाचे नाव थेट देवनागरीत देता येते, तरी तसे करणारे विरळाच. यांपैकी आपल्या प्रोग्रॅमरला कोणते सर्वांत लवकर समजते, याचा प्रयोग एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एका सत्रात होऊ शकतो. तो व्हायला हवा असे मला मनापासून वाटते.

कमी करायचे कसे: दोन मते

मोजण्यावर मतभेद असले तरी कमी करण्याच्या काही रीतींवर बरेच एकमत आहे. नको त्या गोष्टी फंक्शनच्या सुरुवातीलाच बाहेर काढाव्यात: सभासद क्रमांक नाही, परत, वजन शून्य, परत. म्हणजे खरा हिशेब अटींच्या पोटात न जाता डावीकडे सरळ राहतो. नियमांची यादी असेल तर 'जर'ची माळ न ओवता तक्ता करावा. कोणी वापरत नाही तो कोड काढून टाकावा. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकाने अशा दुरुस्त्यांना नावे दिली आणि त्या छोट्या पावलांनी, चाचण्यांच्या आधाराने कराव्यात हे रुजवले.

खरा वाद फंक्शन किती छोटे असावे यावर आहे. रॉबर्ट मार्टिन यांचे २००८ चे 'क्लीन कोड' सांगते की फंक्शन अगदी लहान, चार-पाच ओळींचे असावे आणि त्याने एकच काम करावे. नावे नीट दिली की टिपणांची गरजच उरत नाही. स्टॅनफर्डचे जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१८ मध्ये नेमके उलट मांडले. फार तुकडे केले की प्रत्येक तुकडा सोपा होतो, पण त्यांच्यातले दुवे वाढतात आणि समजून घ्यायचे ओझे तिथे जाऊन बसते. चांगला घटक तो, ज्याचे दार अरुंद आणि आत खोली मोठी; आणि टिपणे हवीतच. अलीकडे या दोघांनी हा वाद लेखी चर्चेत समोरासमोर घातला आणि काही मुद्द्यांवर ते जवळ आले, तरी फंक्शनची लांबी आणि टिपणे यांवर मतभेद कायम राहिले. फंक्शनगणिक मोजणारी सगळी मापे नकळत मार्टिन यांच्या पारड्यात वजन टाकतात, कारण दोन फंक्शनांमधला दुवा ती मोजत नाहीत.

या वादाच्या मुळाशी फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये केलेली फोड आहे: काही गुंतागुंत विषयातच असते, काही आपण साधनांमुळे आणि घाईमुळे ओढवून घेतो. उतारा, कपाती, १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन आणि उशीर झाल्यास व्याज, हे उसाच्या बिलातून कोणी काढून टाकू शकत नाही. वारणेतच दुसऱ्या प्रकारची गुंतागुंत निघून गेल्याचे एक नोंदवलेले उदाहरण आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांनी सात गावांत आठ महिने प्रयोग केला. केंद्रावरच्या संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला आणि संगणकावर होणारी सगळी कामे एसएमएसवर आणली. नवी पद्धत स्वस्त पडली, सोयीची ठरली आणि शेतकऱ्यांना जास्त आवडली. ही कपात कोणत्याही फंक्शनचा आकडा बघून झाली नव्हती. लोक त्या यंत्रावर नेमके काय करतात, हे गावात जाऊन पाहिल्यावर ती सुचली.

न सुटलेले

जे सुटलेले नाही त्यातले पहिले म्हणजे प्रयोगांचा पाया. आतापर्यंतचे बहुतेक अभ्यास जावा किंवा सी-सारख्या भाषांतल्या, वीस-तीस ओळींच्या सुट्या तुकड्यांवर आणि बहुतांशी विद्यार्थ्यांवर झालेले आहेत. लाखभर ओळींच्या प्रोग्रॅममध्ये नेमकी जागा शोधणे हे वेगळेच काम असते, आणि त्याच्या कठीणपणावर विश्वास ठेवावा असे माप अजून नाही.

दुसरे, मर्यादा. दहा का, पंधरा का नाही, याला अनुभवाचा आधार आहे, सिद्धतेचा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या १९९६ च्या अहवालातही दहाला चांगला आधार असल्याचे म्हटले असले, तरी अनुभवी संघांना पंधरापर्यंत मोकळीक चालते असेही नमूद आहे. मला स्वतःला एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची चाल अधिक उपयोगी वाटते. वर्षभर ८ वर असलेले फंक्शन तीन महिन्यांत १९ वर गेले, तर तिथे काहीतरी घडते आहे आणि ते उघडून पाहायला हवे.

तिसरे, यंत्राने लिहिलेला कोड. भाषा-प्रारूपे आता मिनिटात शेकडो ओळी लिहून देतात, म्हणजे लिहिण्यापेक्षा वाचण्याचाच भार माणसावर वाढतो आहे. या कोडला मॅककेब किंवा कॅम्पबेल यांचे आकडे लावता येतात, पण दोघांनी गृहीत धरलेला लेखक माणूस होता. यंत्राचा कोड दिसायला नीटनेटका असतो, नावेही बरी असतात. चूक असलीच तर ती अर्थात असते, आणि अर्थ तपासणारे माप नाही.

चौथा प्रश्न आपल्या जवळचा आहे आणि त्यावर सर्वांत कमी काम झाले आहे. सहकारी संस्था, पतसंस्था आणि दूध संघांचे कितीतरी हिशेब एकेकाळी फॉक्सप्रोसारख्या साधनांत लिहिले गेले. त्या साधनाची शेवटची आवृत्ती २००४ ची, आणि कंपनीचा आधार २०१५ मध्ये थांबला. असा प्रोग्रॅम नव्या भाषेत नेताना पहिला प्रश्न वाचण्याचाच येतो: ही अट सरकारच्या नियमातून आली, संचालक मंडळाच्या ठरावातून आली, की एका हंगामातल्या अडचणीवर कोणी मारलेले ठिगळ आहे? तिन्ही अटी 'जर' म्हणूनच लिहिलेल्या असतात आणि आजची सगळी मापे तिन्हींना एकच गुण देतात. कोणती अट का आली हे कोडशेजारी नोंदवण्याची शिस्त काही संघांनी लावून घेतली आहे, पण त्यामुळे वाचणाऱ्याचा वेळ किती वाचतो, हे मोजण्याची रीत अजून तयार झालेली नाही.